ध्यान एकट्याने सुरू करावं की गटाबरोबर?

तुम्ही लिहिलंय की फोनवरचं ॲप लावून तीन आठवडे सकाळी बसताय, पण दहा मिनिटंसुद्धा मन जागेवर राहत नाही. आता हे घरीच रेटावं की एखाद्या गटात जावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगते: सुरुवात माणसांत करा. रोजचं बसणं पुढे एकट्याचंच असणार आहे, पण ते टिकायला आजूबाजूला बसणारी माणसं लागतात.

मीही घरीच सुरुवात केली होती. नाशिकला, देवघरासमोर चटई टाकून, सकाळी साडेपाचला. डोळे मिटले की दुधाचा हिशोब, मुलाची फी, आदल्या दिवशी ऑफिसात कोण काय बोललं, सगळं रांगेने हजर. सहा महिन्यांत मनाने घेतलं की आपल्याला हे जमायचं नाही, आणि चटई गुंडाळून ठेवली. माझ्या ओळखीतल्या किती तरी जणांनी याच समजापायी सोडून दिलंय. घरी एकटं बसलं की दुसऱ्याचंही असंच होतं हे कळायला मार्गच नसतो.

मग २०१५च्या ऑगस्टमध्ये मी इगतपुरीला धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. विपश्यना म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या शांतपणे बघत राहायचं ध्यान. ही साधना शिकवणारे सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. इगतपुरीचं केंद्र १९७६ सालचं. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेही पैसे घेत नाहीत. दान स्वीकारतात तेही ज्याने एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच.

तिथलं वेळापत्रक बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पहाटे ४ला घंटा होते आणि दिवसभरात दहा तासांच्या वर बसणं होतं. त्यातले तीन तास सगळ्यांनी मिळून हॉलमध्येच बसायचे: सकाळी ८ ते ९, दुपारी २:३० ते ३:३०, संध्याकाळी ६ ते ७. बाकीचा वेळ हॉलमध्ये किंवा आपापल्या खोलीत, आचार्य सांगतील तसं. शिवाय तिथल्या पॅगोड्यात, म्हणजे स्तूपासारख्या इमारतीत, शून्यागारं आहेत, एका माणसापुरती छोटी खोली, दार लावून बसायची. म्हणजे दोन्ही पाहिजेच आहे. पण सोबतचे तीन तास कुणालाच चुकत नाहीत.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेत येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, आणि त्यानंतर त्या तीन तासांत अधिष्ठान असतं: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

माझं पहिलं अधिष्ठान मला अजून आठवतं. बाहेर इगतपुरीचा पाऊस, खिडकीच्या जाळीतून आत येणारं धुकं. विसाव्या मिनिटाला उजवा गुडघा ठणकायला लागला. आता उठावंच असं वाटलं तेव्हा मागून कुणीतरी हळूच श्वास सोडला, दमलेला, लांब. डावीकडे गादी करकरली. उरलेला हॉल गप्प. तेव्हा लख्ख कळलं की शंभरेक बायका आत्ता या घटकेला नेमकं हेच सोसतायत आणि तरी बसल्या आहेत. मी बसून राहिले. गुडघा दुखतच होता, पण ‘मलाच जमत नाही’ हे मात्र त्या तासात गेलं. घरच्या चटईवर ते सहा महिन्यांत गेलं नव्हतं.

शिबिरानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. मी चार महिने बसले, मग सासूबाईंच्या आजारपणात सुटलं ते सुटलंच. परत घडी बसली ती दर रविवारच्या सामूहिक साधनेमुळे. शिबिर केलेले साधक एका काकूंच्या घरी वरच्या खोलीत जमतात. बारा-पंधरा जोड चपला जिन्यात, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, गुडघ्यांमुळे भिंतीशी खुर्ची टाकून बसणारे निवृत्त एसटी ड्रायव्हर. शेवटी रेकॉर्डिंगवर ‘भवतु सब्ब मंगलं’, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो, आणि सगळ्यांचं ‘साधु, साधु, साधु’. मोठ्या खंडानंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंड चुकवत होते. काकू एवढंच म्हणाल्या, “आलीस ना ताई, बस मग.” इतके दिवस कुठे होतीस, एका शब्दाने विचारलं नाही. सोमवारी सकाळी मी आपोआप बसले.

एकदम दहा दिवस झेपणार नाहीत असं वाटत असेल तर मुंबईत गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्यात जाऊन या. तिथे येणाऱ्यांना थोडा वेळ आनापान शिकवतात, तेही विनामूल्य. तुम्ही पुण्याचे, तर स्वारगेटजवळ आणि आळंदीजवळ मरकळला केंद्रं आहेत, इगतपुरीलाच जायला हवं असं नाही. आणि विपश्यनाच करा असाही माझा आग्रह नाही. नामस्मरणाचा किंवा योगवर्गाचा गट चालत असेल तर तो धरा. फक्त जिथे सगळ्यांसमोर ‘तुम्हाला काय अनुभव आला’ विचारतात तिथे थांबू नका. दुसऱ्याला प्रकाश दिसला, मला का नाही, या तुलनेने चांगली माणसं खचलेली मी पाहिली आहेत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नैराश्याची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर शिबिराच्या अर्जात ते लपवू नका, आणि आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नका, औषधं तर मनाने बंद करूच नका. दहा दिवसांचं मौन हे सगळ्यांना सगळ्या काळी मानवणारं नाही.

अर्ज ऑनलाइन असतो आणि जागा लवकर भरतात, तेव्हा रजेचं आधी बघून ठेवा. पावसाळ्यात इगतपुरी मिळालं तर कपड्यांचे दोन जोड जास्त न्या, तिथे काही वाळत नाही. आणि संध्याकाळी ५ला चहा-चुरमुऱ्यांवर रात्र काढायची असते, म्हणून अकराचं जेवण नीट जेवा.