देवाला चांगली मुलं आवडतात, म्हणून मी वाईट होतो

"बाबा गेल्यापासून हा पार बदललाय. शाळेत मुलांना चावतो, घरी ताट भिरकावतो. कुणी 'शहाणं बाळ' म्हटलं की अंगावर धावून जातो. रात्री मध्येच उठून माझ्या नाकाखाली बोट धरून बघतो." नाशिकच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून मुलाच्या आई सांगत होत्या. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. (घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नवरा चाळिशीच्या आतच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. रात्री छातीत दुखू लागलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा तेव्हा शेजारी झोपला होता. सकाळपासून जो भेटेल त्याने आपापल्या परीने त्याची समजूत घातली. मामा म्हणाला, बाबा गावाला गेलेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, चांदणी झालेत. आत्या म्हणाली, शांत झोपलेत. आणि आजीने मांडीवर घेऊन सांगितलं, "देवाला चांगली माणसं आवडतात रे राजा, म्हणून त्यानं बाबांना बोलावून घेतलं."

पहिल्या भेटीत मी त्याला वडिलांबद्दल काहीच विचारलं नाही. तो प्लास्टिकचे प्राणी घेऊन बसला. हत्ती, गाय, हरीण त्याने एका डब्यात घातले आणि झाकण लावलं. हे आत का, विचारलं, तर म्हणाला, "हे चांगले आहेत. देव नेईल त्यांना." वाघ बाहेर होता. "हा चावतो. याला नाही नेणार." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आईला पण सांगतो ओरड म्हणून. ती ओरडतच नाही."

ताट भिरकावण्यामागे हे होतं. आई चिडावी, वाईट व्हावी, म्हणजे देवाचं तिच्याकडे लक्ष जाणार नाही.

'वडील गेल्याचं लहान मुलाला कसं सांगू?' हा प्रश्न मला सतत विचारला जातो. लोक शब्द शोधत असतात ते मुलाला दुखू नये म्हणून, आणि पुष्कळदा स्वतःला ते उच्चारवत नाहीत म्हणूनही. दोन्ही मला समजतं. 'देवाज्ञा झाली', 'कैलासवासी' हे ऐकत आपण मोठे झालो, त्यातलं न बोललेलं आपल्याला कळतं. मूल मात्र शब्द धरून चालतं. गावाला गेलेत, तर फोन का करत नाहीत? झोपलेत, तर उठवलं का नाही? आणि आता आई झोपली, तर ती उठेल ना?

मारिया नागी या मानसशास्त्रज्ञाने हंगेरीतल्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण हे दूर जाणं किंवा झोपणं वाटतं, असं तिला दिसलं. पुढे १९८४ मध्ये स्पीस आणि ब्रेंट या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराचं सगळं काम थांबतं, आणि प्रत्येक जीव कधीतरी मरतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात. म्हणजे हा मुलगा अगदी उंबऱ्यावर होता. खरं समजून घेण्याची त्याची तयारी होत होती आणि आपण त्याला गाव, चांदणी आणि झोप देत होतो.

आईला मी म्हटलं, सरळ सांगा. त्यांचा हात थरथरला. "म्हणजे मेले म्हणू? नवऱ्याला?" ही अडचण खरी आहे. 'मेला' आपण डासाला म्हणतो, नाहीतर शिवी म्हणून वापरतो. 'वारले' हा आदराचा शब्द, पण सहा वर्षांच्या मुलाने तो कुठे ऐकलेला असतो? मग आम्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. त्या अडखळायच्या, रडायच्या, पुन्हा म्हणायच्या. शेवटी घरी त्यांनी सांगितलं ते असं: "बाबांच्या छातीतलं हृदय अचानक बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केला, पण ते सुरू झालं नाही. शरीराचं काम कायमचं थांबलं, की मुंगी किंवा पक्षी मेला म्हणतो ना, तसं झालं. माणसाबद्दल आपण 'वारले' म्हणतो. बाबा वारले. ते परत येणार नाहीत. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. चांगलं वागलं म्हणून किंवा वाईट वागलं म्हणून कुणी मरत नाही."

त्याने विचारलं, "मी त्यांची गाडी तोडली होती, म्हणून पण नाही?" हा प्रश्न तो इतके दिवस एकटा वागवत होता. असं काहीतरी बहुतेक मुलांच्या मनात असतं. त्यांनी विचारण्याची वाट न बघता 'तुझ्यामुळे नाही' हे आपणच सांगावं.

पुढचा प्रश्न ठरलेला: "तू पण मरशील?" 'मी कधीच नाही' असं वचन देऊ नये. आई म्हणाली, "मला खूप वर्षं जगायचंय, मी तब्येतीची काळजी घेते. आणि मला काही झालंच, तर आजी आणि मामा तुझ्याजवळ असतील." हेच त्याने पुढे कितीतरी वेळा विचारलं. समजलं नाही म्हणून नव्हे. उत्तर तेच आहे ना, याची तो खात्री करत होता.

आजी माझ्यावर रागावल्या होत्या. "आता देवाचं नावही काढायचं नाही का?" त्यांचं बोलणं मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. मुलगा गेलेल्या आईला त्या एका वाक्याचाच आधार होता, तो मी का काढून घेऊ? मी इतकंच म्हटलं, आजी, आधी शरीराचं सांगू, मग देवाचं. 'बाबा वारले. आता ते देवाजवळ आहेत असं मला वाटतं.' फक्त 'आवडले म्हणून नेलं' एवढं गाळू या. आजींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मलाही कधी ते पटलं नव्हतं हो."

कावळ्याचंही असंच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, बाबा आले, हे त्याच्या कानावर पडलं होतं. तो रोज खिडकीत पोळी ठेवायचा. ते थांबवायचं का, असं आईने विचारलं. मी नको म्हटलं. हा कावळाच आहे, आपण बाबांच्या आठवणीने त्याला खाऊ घालतो, इतकं स्पष्ट असलं की पुरे.

आई नळ सोडून न्हाणीघरात रडायच्या, त्याला कळू नये म्हणून. मूल ते ऐकतंच, आणि रडणं लपवायचं असतं असं शिकतं. "बाबांची आठवण आली म्हणून रडतेय, थोड्या वेळाने थांबेन," असं सांगून त्याच्यासमोर रडलेलं चालतं. त्या तसं रडल्या, त्या दिवशी तोही पहिल्यांदा रडला. चावणं हळूहळू कमी झालं. झोप सुधारायला त्याहून जास्त वेळ लागला.

मुलाचं दुःख सलग नसतं. आत्ता हमसून रडेल, पाच मिनिटांत क्रिकेट खेळेल. त्यावरून 'याला काही वाटत नाही' असं कुणी म्हणू नये. मात्र सहा महिने उलटूनही बहुतेक दिवस मूल गेलेल्या माणसाच्या ओढीत अडकलेलं असेल, शाळा, खाणं, झोप सावरतच नसेल, तर तज्ज्ञांना दाखवा. 'मला बाबांकडे जायचंय' असं म्हणालं, तर अजिबात थांबू नका. १४४१६ या सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. त्याला बसवायचं का, असं आईने परवा फोनवर विचारलं. मी म्हटलं, तिथे काय काय होणार ते आधी सगळं सांगा, मोठी माणसं रडतील हेही सांगा, आणि मग त्यालाच विचारा. नको म्हणाला तर मामाबरोबर घरी राहू दे. मधेच उठावंसं वाटलं तरी उठू दे.