वाळलं म्हणजे मेलंच असं नाही!

प्रश्न : साताऱ्याजवळ आमचं तीन गुंठ्यांचं आवार आहे, पावसाळाभर तिकडे जाणंच झालं नाही आणि आता दिवाळीनंतर बघतो तर कमरेएवढं गवत वाळून उभं. घंटागाडीवाला घेत नाही. शेजारचे म्हणतात काडी लावा, तासाभरात साफ. घरातले म्हणतात आत साप असेल. काय करू?

उत्तर : काडी लावू नका. धूर अख्ख्या आळीला जातोच, शिवाय वाऱ्याचा भरवसा नाही, शेजारच्यांच्या कडब्याच्या गंजीपर्यंत ठिणगी गेली की तेच शेजारी भांडायला येतील. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 साली पाच हजारांचा दंड ठरवलाय तो वेगळाच.

सापाचं म्हणाल तर ती भीती खरी आहे. गमबूट घाला, आधी काठीने आपटत चला, आणि कापायला सुरुवात घराच्या भिंतीपासून करून कुंपणाकडे सरकत जा म्हणजे आत जे काही असेल त्याला बाहेर पळायला वाट राहते. बरेच जण उलटं करतात, कडेने कापत आत येतात आणि मग बिचारं जनावर थेट पायरीवर!

आता मुद्द्याचं. सगळं एकाच ढिगात टाकायची घाई करू नका, कारण तुमच्या आवारात तीन तऱ्हेचा माल असणार. साधं पावसाळी गवत खरंच मेलेलं असतं. ते विळ्याने बुडातून कापा, मुळं जमिनीतच राहू द्या, कुजतील तिथेच. हरळी आणि लव्हाळा मात्र वरून वाळलेले दिसतात, खाली गड्डे-मुळ्या जिवंत, ओल मिळाली की परत हजर. त्यांच्या मुळ्या खतात टाकायच्या नाहीत, खणून फरशीवर कडक उन्हात पार करकरीत होईपर्यंत वाळवा.

आणि तिसरं गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आता कुठे नाही ते सांगा. एका झाडाला हजारो बिया. त्यावर ग्रासकटर अजिबात चालवू नका, बिया आणि भुस्कट आवारभर उडतं, अंगाला खाज, शिंका, काहींना दमासुद्धा. सकाळी दव असताना, तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून हळूच उपटा, शेंडा खाली न झटकता थेट गोणीत. घरच्या लहान ढिगात बी मरण्याइतकी उष्णता सगळीकडे पोचत नाही, त्यामुळे हे खतात नको, खोल खड्ड्यात पुरा आणि वर हातभर माती. थोडं बी पडणारच, ते जूनमध्ये उगवेल तेव्हा फुलायच्या आत खुरप्याने काढायचं.

उरलेलं साधं गवत म्हणजे फुकटचं सोनं. निम्मं आंब्या-चिकूच्या आळ्यात तीन-चार इंच पसरा, फक्त बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी चढते. निम्म्याचं खत. नुसतं वाळलेलं गवत वर्षभर तसंच पडून राहतं (लोक म्हणतात ‘कुजतच नाही हो’, कुजणार कसं, त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, फारच कमी). वीतभर गवत, त्यावर शेणकाला, थोडा हिरवा पाला किंवा भाजीचे देठ, परत गवत, असं कमरेएवढं रचा. मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये इतकीच ओल. पंधरा-वीस दिवसांनी उलथत राहिलात तर पावसाळ्याआधी खत हातात.

प्रश्न : मी आधीच तणनाशक मारलं, त्यानेच गवत वाळलंय. शेजारची गाय मागते, देऊ का?

उत्तर : नको. औषध मारलेलं गवत गाईला घालायचं नाही, आणि त्यात गाजर गवत मिसळलेलं असेल तर दूधसुद्धा कडू होतं. हे गवत भाजीच्या वाफ्यावरही नको, कुंपणाकडेला वेगळा ढीग लावून कुजू द्या.