मस्कतला नुकताच आलोय, सेकंडहँड पजेरो घेतलीय. बायको आणि दोन मुलांसोबत वाळवंटात, डोंगरात कॅम्पिंग करायचंय. लिफ्ट किट, मोठे टायर, विंच यावर किती खर्च करावा आणि सुरुवात कुठून करावी?

खर्च शून्य. म्हणजे लिफ्ट (गाडी उंच करणारं किट), विंच (रुतलेली गाडी ओढणारी चरखी), छतावरचे लाइट यातलं काही आत्ता घेऊ नका, पजेरो जशी कंपनीतून निघते तशीच इथल्या नव्वद टक्के वाटांना पुरून उरते, फक्त टायर जुने असतील तर ते बदला आणि बदलताना त्यावरची तारीख बघून घ्या, इथल्या उन्हात नुसते उभ्या गाडीचे टायरसुद्धा कडक होऊन चिरतात. पैसे घालायचेच तर चांगला एअर कॉम्प्रेसर, प्रेशर गेज, फावडं, रिकव्हरीचा पट्टा (रुतलेली गाडी ओढायचा), तो अडकवायला दोन शॅकल म्हणजे लोखंडी कड्या आणि वाळूत चाकाखाली घालायच्या दोन ट्रॅक पट्ट्या यात घाला.

आता मुख्य मुद्दा. इथे नवीन आलेला माणूस वाळूला घाबरतो आणि वादीत (एरवी कोरडं, पावसात एकदम वाहणारं नदीपात्र) मात्र बिनधास्त गाडी घालतो, खरं तर उलटं पाहिजे. वाळूत बहुतेक वेळा होऊन होऊन काय होणार, तर गाडी रुतणार, तासभर फावडं मारणार, घाम गाळणार आणि निघणार. डोंगराचा उतार आणि वादीचं पाणी दुसरी संधी देत नाही.

आधी वाळू. तुम्ही वहिबाला जाणार हे गृहीत धरतो (पाट्यांवर शरकिया सँड्स लिहिलेलं असतं, लोक वहिबाच म्हणतात). साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा पसारा आहे, टेकड्यांच्या लांबलचक रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आणि मधे सपाट पट्टे, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला बरं पडतं कारण पट्ट्यातून चालत राहिलं की बरंच आत जाता येतं. मस्कतहून शरकिया एक्स्प्रेसवेने बिदियापर्यंत अडीच-एक तास. बिदियात टाकी फुल करा आणि डांबर संपलं की टायरची हवा काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं. रस्त्यावर तुम्ही ३२-३५ पीएसआय ठेवत असाल तर वाळूत १५ ते १८ वर आणा, चारही चाकांत सारखी. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो आणि वजन विभागलं जातं, एवढंच शास्त्र आहे, पण या एका गोष्टीने जो फरक पडतो तो दुप्पट महागड्या गाडीनेही पडत नाही. कमी हवेवर झटक्यात वळू नका, रिममधून टायर निघतो. आणि परत डांबरावर येताना हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, टायर तापून फुटतो.

चालवताना ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद, पाय ॲक्सिलरेटरवर एकसारखा, ब्रेक शक्यतो नाहीच, थांबायचं तर पाय उचला, गाडी आपोआप थांबते, आणि थांबताना तोंड उताराकडे असू द्या म्हणजे निघताना त्रास नाही. टेकडी सरळ चढायची, सरळ उतरायची, आडवं कधीच जायचं नाही, गाडी उलटते ती तिथेच. माथ्यावर पोचताना वेग कमी करा, कारण पलीकडची बाजू वाऱ्याच्या आडोशाची, एकदम कड्यासारखी उतरती असू शकते किंवा तिथे दुसऱ्या कुणाची गाडी उभी असू शकते. चढण पूर्ण झाली नाही तर वळवायचा प्रयत्न नको, त्याच चाकोरीतून सरळ रिव्हर्स. सकाळी वाळू जरा घट्ट असते, दुपारी तीच भुसभुशीत होते, त्यामुळे सकाळी आरामात चढलेली टेकडी दुपारी अडवते तेव्हा गाडीला शिव्या देऊ नका.

रुतलात तर पहिलं काम म्हणजे ॲक्सिलरेटर सोडणं. चाक फिरवत राहिलं की गाडी पोटावर बसते. खाली उतरा, चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा १२ पर्यंत आणा आणि आलात तसे मागे जा. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर पट्टा फक्त चॅसिसच्या रिकव्हरी पॉइंटला, ट्रेलरच्या बॉलला अजिबात नाही, तो बॉल तुटला तर गोळीसारखा उडतो आणि यात माणसं मेलेली आहेत. पट्टा ताणलेला असताना मुलं लांब. आणि अर्थात एकट्या गाडीने आत जायचंच नाही, किमान दोन, तीन असतील तर उत्तम.

पुढेमागे रब-अल-खालीच्या (सौदीच्या सीमेकडचं अफाट वाळवंट) बाजूला जाल तर सबखा नावाचा प्रकार भेटेल, खारवट सपाट जमीन, वरून कडक दिसते पण ते कवच दुधावरच्या सायीइतकंच, खाली चिखल. तिथे जुन्या चाकोऱ्या सोडू नका. पण ते नंतर, पहिल्या वर्षी तिकडे फिरकायचं कारण नाही.

आता वादी. कोरडं पात्र, खजुरांची सावली, सपाट गोटे, तंबू ठोकायला याहून छान जागा नाही असं वाटतं, आणि तिथेच ठोकायचा नाही. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं आणि पाऊस वर डोंगरात पडलेला असतो, डोंगर सगळा उघडा खडक, माती-झाडं नाहीत, पाणी मुरत नाही, सगळं एकदम खाली येतं. १४ एप्रिल २०२४ ला शरकियामधल्याच समद अल शान भागात शाळकरी मुलांची गाडी पुरात वाहून गेली, मुलं गेली. वाहत्या वादीत गाडी घालणं हा इथे गुन्हा आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीवरून पाणी जात असताना एसटी काढणारे ड्रायव्हर बघत मोठे झालेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण पटवून घ्या. पावसाचा इशारा असेल त्या वीकेंडला घरी बसा.

डोंगरात सुरुवात जेबेल शम्सपासून करा. ओमानचा सगळ्यात उंच डोंगर, तीन हजार मीटरच्या आसपास, अगदी माथ्यावर लष्कराचा तळ आहे पण तुम्हाला तिथे जायचंच नाही, तुम्हाला खालच्या पठारावर दरीच्या कडेला जायचंय. अल हमरावरून रस्ता वर जातो, काही भाग कच्चा असू शकतो. समोर वादी नखरची दरी, साधारण हजार मीटर खोल. मुलं लहान असतील तर तंबू कडेपासून भरपूर आत लावा, कठडे फार थोड्या ठिकाणी आहेत. डिसेंबर-जानेवारीत रात्री दातावर दात वाजतात, घरची दुलई न्या, "गल्फमध्ये कसली थंडी" म्हणणारे रात्री गाडीत हीटर लावून झोपतात.

जेबेल अख्दरला बिरकत अल मौजच्या वर पोलिसांची चौकी आहे, फोर बाय फोर नसेल तर वर सोडत नाहीत. रस्ता डांबरी आणि मस्त आहे, मग अट कशाला असं लोक विचारतात. उत्तर उतरताना कळतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. पहिला-दुसरा गिअर, इंजिनच गाडी धरून ठेवेल. वादी बनी औफची वाट (बलद सीत गावावरून जाणारी) फोटोत बघून सगळ्यांनाच करायची असते, तुम्ही जरूर करा पण वर्षभराने, आणि पहिल्यांदा रुस्ताकच्या बाजूने, म्हणजे अवघड भाग चढणीचा येतो. खडक धारदार आहेत, टायरची बाजू कापली गेली तर पंक्चरवाल्यालाही काही करता येत नाही, स्टेपनी धड हवी.

कॅम्पचं थोडक्यात. ऑक्टोबरअखेर ते मार्च, बाकी महिने विसरा. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर पिण्याचं, वर एक जार जास्तीचा. वहिबात समुद्र जवळ असल्यामुळे पहाटे दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेले जोडे भिजतात, जोडे तसेही तंबूतच ठेवा आणि घालताना झटका, विंचू असतात. सरपण विकत मिळतं ते न्या. तिथली ती काटेरी घाफची झाडं म्हणजे आपली शमीच, दसऱ्याला पूजतो ती, तिच्या फांद्या तोडू नका. गावांपासून आणि बदूंच्या वस्तीपासून लांब थांबा, बोलावलं तर मात्र कहवा-खजुराला नाही म्हणू नका. मोबाइलला रेंज नसते हे धरून चाला, कुठे जाताय आणि कधी परतणार ते मस्कतमध्ये कुणाला तरी सांगून निघा, पोलिसांचा नंबर ९९९९. रात्री हायवेवर उंट येतात, त्यामुळे परतीचा प्रवास उजेडात. आणि इन्शुरन्सच्या कागदात ऑफरोड कव्हर आहे का ते आजच बघा, बऱ्याच पॉलिसीत नसतं.

पजेरोच्या लिव्हरवर 'फोर एच एल सी' (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) आणि 'फोर एल एल सी' (तेच, पण हळू आणि जास्त जोराचे गिअर) असं लिहिलंय का ते बघून कळवा. असेल तर वाळूत पहिलं आणि खड्या कच्च्या उतारावर दुसरं वापरायचं, फक्त ही दोन्ही डांबरावर चुकूनही लावू नका. लिव्हर वेगळी असेल तर फोटो टाका, मग सांगतो.