द्राक्षाचा वेल २ वर्षांत भरपूर वाढलाय पण एकही घड नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की बागेत कलम लावून २ वर्षं झाली, मांडव पानांनी गच्च भरलाय, घड एक नाही आणि आता अजून कोणतं खत घालू. खत राहू द्या हो, आधी कात्री हातात घ्या.

माझ्या वेलाचं अगदी हेच झालेलं. एवढा छान वाढतोय तर कापायचा कसा म्हणून ३ वर्षं हात लावायला जीवच होत नव्हता. पण द्राक्षाचं असं असतं की घड येतो नव्या कोवळ्या फुटीवर, आणि ती फूटही मागच्या हंगामातल्या काडीच्या डोळ्यातून (काडीवर जिथून नवा कोंब फुटतो ती फुगीर जागा) निघालेली लागते, जुन्या जाड खोडातून फुटलेली बहुतेक वेळा नुसती पानंच देते. आणि त्या डोळ्यात घडाची सुरुवात आधीच्या हंगामातच होते, तेव्हा काडीला ऊन मिळालं नाही तर डोळा वांझ राहतो. म्हणजे तुमचा तो गच्च मांडवच पुढच्या वर्षीचे घड मारतोय, त्यात नत्राचं खत घातलं की अजून पानं.

छाटणी कधी, तर जिथे थंडीत पानं गळून वेल झोपतो तिथे थंडी संपता संपता, डोळे फुगायच्या आधी. उष्ण हवेत वेल झोपतच नाही, तिथे वर्षातून २ छाटण्या लागतात, आधी काड्या तयार करायला खरड छाटणी आणि काही महिन्यांनी घडासाठी फळछाटणी.

काडी निवडताना पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली बघा, हिरवी लिबलिबीत नको. किती डोळे ठेवायचे ते जातीवर आहे, काहींना २-३ पुरतात पण बिनबियांच्या बऱ्याच जातींत खालचे डोळे वांझ निघतात, म्हणून जात माहीत नसेल तर काही काड्या ३ डोळ्यांवर आणि काही ८-१० डोळ्यांवर कापा आणि घड कुठून निघतो ते लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तेच कामाला येतं. बाकीच्या सगळ्या काड्या काढून टाका, खरंच सगळ्या, वेल उघडाबोडका दिसला पाहिजे.

कापलेल्या टोकाला पाण्याचा थेंब येईल, तो पडला की दुसरा, कधीकधी कित्येक दिवस चालतं हे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून टोकाटोकाला मेण लावत बसलेलो, पण ते मुळांनी वर ढकललेलं पाणी असतं, त्याने वेल मरत नाही.

बाकी दिवसाला ७-८ तास ऊन हवं, बुडाशी पाणी साचायला नको, आणि पाणी मुळाशी घाला, पानांवर नको, पानं ओली राहिली की डावणी हा बुरशीचा रोग आलाच. पानावर राख भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी, तोही बुरशीचाच रोग, तेवढी पानं लगेच काढा आणि मधली गर्दी कमी करून वारा खेळू द्या.

घड आले की पहिल्या वर्षी एका फुटीवर एकच ठेवा. आणि नुसता रंग आला म्हणून तोडू नका प्लीज, द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही. घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी खाऊन बघा, तो सगळ्यात शेवटी पिकतो, तो गोड लागला की घड काढा.