मुदत संपली, भाडेकरू हलेना: लाख रुपये देऊन मोकळं व्हावं का?

प्रश्न: कोथरूडमधला फ्लॅट 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला होता. भाडं 26,000, डिपॉझिट 1 लाख. करार 31 मे रोजी संपला, आता ऑगस्ट संपत आला. भाडेकरू दरमहा खात्यात पैसे टाकतो, पण जागा सोडत नाही. ‘डिपॉझिटवर आणखी एक लाख द्या, पंधरा दिवसांत निघतो’ म्हणतो. माझा गृहकर्जाचा हप्ता 31,000 आणि सोसायटीचा मेंटेनन्स 3,000 आहे. 3 लाखांची एफडी आहे. ती मोडून देऊ का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. आज त्या भागात तुम्हाला 30,000 भाडं मिळेल असं धरलं, तरी तो राहिल्यामुळे तुमचं खरं नुकसान महिन्याला 4,000 आहे. म्हणजे एक लाख देणं हे 25 महिन्यांचं नुकसान आजच एकरकमी सोसण्यासारखं आहे.

खरा धोका वेगळाच आहे. त्याने उद्या पैसे टाकणं बंद केलं, तर 1 लाखाचं डिपॉझिट चार महिनेही पुरत नाही. त्यातूनच थकलेलं वीजबिल आणि रंगाचा खर्च वळता करायचा असतो. म्हणून डिपॉझिट शाबूत आहे तोवरच जागेच्या ताब्यासाठी अर्ज करा. तुमची एफडी हप्ता आणि मेंटेनन्स मिळून साधारण साडेआठ महिने तग धरते. ती त्यासाठीच राखून ठेवा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवाना (लायसन्स) संपला की सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ताब्यासाठी अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. (दुकान किंवा ऑफिस असतं, तर हा रस्ता नव्हता.) जून ते ऑगस्टचे त्याने 78,000 भरले, तुमचा हक्क 1,56,000 वर. मात्र उरलेले 78,000 मिळालेच असं समजून खर्चाचं गणित मांडू नका. कागदावरचा आकडा आणि वसुली यांत बरंच अंतर असतं. त्या रकमेचा उपयोग तडजोडीत होतो.

आधी वकिलाकडून स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. मग अर्ज, सोबत करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा उतारा), नोटिशीची पोचपावती, बँक स्टेटमेंट. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा नाकारली गेली, तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. आदेशावर अपील नाही, 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज (आदेश वरिष्ठांनी पुन्हा तपासावा म्हणून) तेवढा करता येतो. प्रकरण अडतं ते बहुधा समन्स बजावणीत: दार बंद, पाकीट परत. म्हणून अर्जात त्याच्या ऑफिसचा आणि गावचा पत्ताही द्या.

दरमहा येणाऱ्या पैशांबाबत फार जपा. पैसे आले की त्याच दिवशी ईमेल करा: ‘ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर मुदतीनंतरच्या ताब्याच्या नुकसानभरपाईपोटी, माझे सर्व हक्क राखून स्वीकारली आहे.’ ‘भाडं मिळालं, धन्यवाद’ किंवा ‘बरं, दिवाळीपर्यंत राहा’ असा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही ‘मालकिणीनेच मुदत वाढवली’ म्हणायला त्याला पुरतो.

आणि कितीही संताप आला तरी वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं नको. बळाने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून ताबा परत मागू शकतो. मग तुमची भक्कम बाजू तुम्हीच कमकुवत केलेली असते.

तडजोड जरूर करा, पण अर्ज दाखल झाल्यावर आणि प्राधिकाऱ्यासमोर लेखी. त्याने ठरलेल्या तारखेला जागा सोडायची, तुम्ही दुप्पट भरपाईचा हक्क सोडायचा. हा हक्क सोडणं हीच मोठी सवलत आहे. फारच अडलं, तर वर एक महिन्याचे 26,000. त्यापुढे जाऊ नका. अशा संमतीवर आदेश झाला की शब्द फिरवला तरी अंमलबजावणी मागता येते. घरी बसून केलेल्या तोंडी बोलीला तो आधार नसतो.

आगाऊ एक रुपयाही नाही. घर रिकामं पाहायचं, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा, वीज आणि पाइप गॅसची बिलं वजा करायची, ताबापावतीवर सही घ्यायची. किल्ल्यांचे सगळे जोड हातात आले की मगच डिपॉझिटचा चेक द्यायचा.