बोल्टवरचा युरोपी कार्बनकर आणि 50 टनांचा गैरसमज

प्र. साकीनाक्याला आमचा बोल्टचा छोटा कारखाना आहे. जर्मनीतला खरेदीदार 'सीबॅम'साठी, म्हणजे आयात मालावरच्या युरोपच्या कार्बनकरासाठी, कार्बनचे आकडे मागतोय. वर्षाला तिकडे 35 टनच माल जातो. 50 टनांच्या आत सूट आहे ना? आणि हवामान परिषदेत भारताने केलेल्या विरोधाचं काय झालं?
— एक वाचक, अंधेरी

उ. 50 टनांची मर्यादा तुम्हाला नाही, आयातदाराला आहे. त्याने वर्षभरात युरोपबाहेरून आणलेलं पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत सगळं एकत्र मोजतात. तुमच्या 35 टनांत तैवानचे 20 मिळाले की सूट संपली. करही तोच भरतो. तो प्रमाणपत्रं विकत घेऊन भरायचा असतो; 2026च्या मालाची फेब्रुवारी 2027पासून मिळतील. पण तो खर्च तुमच्या दरातून वळता करायला बघणार, हे धरूनच चाला.

टनभर बोल्टमागे किती कार्बन, हा आकडा असा काढा. पोलादी मालात विजेचा कार्बन धरत नाहीत, त्यामुळे हेडिंग (डोकं घडवणं) आणि थ्रेड रोलिंगची (आटे पाडण्याची) विजेवरची मशिनं सुटली. उरली हीट ट्रीटमेंटची भट्टी. एक घनमीटर पीएनजी जळाला की सुमारे 2 किलो कार्बन डायऑक्साइड. टनामागे 60 घनमीटर लागत असेल तर 0.12 टन. खरं ओझं वायर रॉडचं, म्हणजे बोल्टच्या कच्च्या पोलादी सळीचं. झोतभट्टीच्या (ब्लास्ट फर्नेसच्या) पोलादाला टनामागे 2 टनांहून जास्त, भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेल्याला कितीतरी कमी. समजा रॉडचा आकडा 2.3 आहे आणि टनभर बोल्टला 1.05 टन रॉड लागतो: 2.42 अधिक 0.12, म्हणजे 2.54. वाया गेलेले ते 50 किलो बरेच जण विसरतात. गॅसचं बिलही रवाना मालाने नव्हे, तयार मालाने भागायचं.

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून सुटा माल उचललात तर मिल कुठली, हेच सांगता येत नाही. मग युरोपचा ठरीव आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. म्हणून हीट नंबरसह (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) मिलचा उत्सर्जनाचा कागद मागा. प्रत्यक्ष आकडे द्यायचे तर मान्यताप्राप्त पडताळणीही लागते.

'2026ला कराचे अडीच टक्केच भरायचे' असंही कानावर येईल, पण ते अर्धसत्य आहे. 97.5 टक्क्यांची सवलत युरोपच्या मानकावर, म्हणजे त्या मालाला टनामागे ठरवून दिलेल्या कार्बनवर, मोजतात. त्याच्या वरचा तुमचा कार्बन पूर्ण दराने धरतात.

परिषदेचं म्हणाल तर 1992च्या हवामान करारातल्या कलम 3.5चा आधार घेऊन भारत, चीन वगैरे देश एकतर्फी व्यापारी उपायांना विरोध करत आले. 2025च्या बेलेम (ब्राझील) परिषदेत व्यापारावर संवाद घ्यायचं ठरलं. कर मात्र 1 जानेवारी 2026पासून लागू आहे.