कपाटाचे दार कोण उघडणार?

प्रश्न : सी. एस. लुईस यांची नार्निया या जादूच्या प्रदेशाची पुस्तके मी माझ्या दोन्ही मुलींना मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यानंतर तिन्ही चित्रपटही आम्ही घरी पाहिले. पहिला त्यांना फार आवडला, दुसऱ्यात त्या चुळबुळ करू लागल्या आणि तिसरा अर्ध्यावरच बंद करावा लागला. आता ग्रेटा गर्विग यांच्याकडे नार्निया सोपवल्याचे वाचले. 'बार्बी'च्या दिग्दर्शिकेला हे कसे जमणार? मुळात अशा जुन्या, नावाजलेल्या बालकथेसाठी दिग्दर्शक निवडताना पाहावे तरी काय? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपल्या मुलींनी दिलेला निकाल मला बराचसा मान्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निर्माते अशा वेळी बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो असा, की या दिग्दर्शकाने एवढ्या मोठ्या खर्चाचा आणि एवढ्या तांत्रिक करामतींचा चित्रपट पूर्वी सांभाळला आहे का? प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याच्या उत्तरावरून पुढचे फारसे काही कळत नाही. नार्नियातला अस्लान हा बोलणारा सिंह संगणकावर घडवण्यासाठी शेकडो कसबी माणसे मिळतात. दिग्दर्शकाच्या वतीने दुसरे कोणी करू शकत नाही असे काम एकच असते, ते म्हणजे घरातल्या मुलाला जादूच्या प्रदेशात पहिले पाऊल टाकायला लावणे आणि प्रेक्षकाला त्याच्याबरोबर उंबरठा ओलांडायला लावणे. मी तरी कोणत्याही दिग्दर्शकाची परीक्षा त्या उंबरठ्यावरच घेईन.

पुस्तकातला तो प्रसंग आठवून पाहा. धाकटी लूसी कपड्यांच्या कपाटात शिरते, फरच्या कोटांमधून वाट काढत पुढे सरकते आणि पायाखाली काहीतरी करकरते. या आणखी डांबराच्या गोळ्या असतील का, असे तिच्या मनात येते. ती खाली वाकून चाचपते, तेव्हा हाताला मऊ, भुसभुशीत आणि थंडगार असे काहीतरी लागते. नार्नियातले बर्फ आपल्याला पहिल्यांदा भेटते ते असे, डांबराच्या गोळ्यांच्या संशयातून. लुईस यांची सारी किमया या एका घरगुती संशयात आहे, आणि ती ज्याला दिसली नाही त्याला पुढची पांढरी चेटकीणही नीट दिसणार नाही, असे माझे मत आहे.

2005च्या चित्रपटाचे दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन यांना ती दिसली होती. न्यूझीलंडच्या या गृहस्थांनी तोवर 'श्रेक'चे अ‍ॅनिमेशनपट सहदिग्दर्शित केले होते. हाडामांसाच्या नटांबरोबरचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. लूसीचे काम करणाऱ्या जॉर्जी हेन्ली या मुलीला त्यांनी बर्फाच्छादित जंगलाचा सेट आधी पाहूच दिला नाही. तिचे डोळे झाकून तिला तिथे आणले आणि कॅमेरा सुरू झाल्यावरच तिने पहिल्यांदा ते जंगल पाहिले. पडद्यावर आपल्याला दिसते ते तिचे खरे आश्चर्य आहे. ही युक्ती करायला पैसा लागत नाही; पटकथेतल्या कोणत्या क्षणावर सारी इमारत उभी आहे, हे मात्र कळावे लागते.

मग पुढे बिनसले कुठे? माझ्या मते लढाईत. पुस्तकात अखेरच्या लढाईला जेमतेम दीड-दोन पाने मिळाली आहेत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रत्रयीचे यश तेव्हा ताजे असल्याने की काय, चित्रपटात तीच लढाई भरपूर लांबली. 2008च्या 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये तर पुस्तकात नसलेला, किल्ल्यावरच्या रात्रीच्या हल्ल्याचा एक अख्खा प्रसंग घातला गेला. लंडनच्या भुयारी स्थानकावरून मुले नार्नियात ओढली जातात तो भाग याही चित्रपटात चांगला साधला आहे, पण पलीकडे पोहोचल्यावर त्यांच्या वाट्याला मुख्यतः तलवारी येतात. आपल्या मुलींनी चुळबुळ तिथेच सुरू केली असावी.

तिसऱ्या भागाच्या वेळी डिस्नेने अंग काढून घेतले, फॉक्स ही संस्था आली आणि दिग्दर्शन मायकेल अ‍ॅप्टेड यांच्याकडे गेले. अ‍ॅप्टेड मोठे दिग्दर्शक होते. एकाच पिढीतल्या माणसांची दर सात वर्षांनी भेट घेणारी त्यांची माहितीपटांची मालिका मला फार मोलाची वाटते. परंतु 'डॉन ट्रेडर' या तिसऱ्या भागाची कथा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर रमतगमत जाणारी आहे, आणि खलनायकाशिवाय प्रेक्षक बसून राहील यावर बहुधा कोणाचाच भरवसा नव्हता. म्हणून हिरवे धुके आणले गेले, सात तलवारी गोळा करण्याची कामगिरी आणली गेली, आणि प्रवासाचा झाला हिशेब. भिंतीवरच्या चित्रातल्या समुद्राचे पाणी भसाभस खोलीत शिरते, तो उंबरठा मात्र याही चित्रपटात आहे, आणि तेवढ्यापुरता का होईना, मुलींना तो पुन्हा एकदा जरूर दाखवावा.

एकाच पुस्तकमालेला वेगवेगळ्या वयात वेगवेगळा दिग्दर्शक लागतो, हेही खरे आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटासाठी स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्याशी बोलणी झाली होती. त्यांनी माघार घेतली आणि 2000 साली ख्रिस कोलंबस यांची निवड झाली. 'होम अलोन'चे हे दिग्दर्शक लहान मुलांकडून काम काढून घेण्यात मुरलेले होते. ब्रिटनमध्ये बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन आहे, शिवाय चित्रीकरणाबरोबर त्यांची शाळाही चालू ठेवावी लागते. अशा वेळी अकरा वर्षांच्या मुलांना न थकवता दिवस पदरात पाडून घेणारा माणूस लागतो. कोलंबस यांच्यावर 'पुस्तकाशी फारच इमानी' असा ठपका ठेवला जातो. मला तो ठपका वाटत नाही. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या भोजनगृहातल्या तरंगत्या मेणबत्त्यांसाठी त्यांच्या चमूने आधी खऱ्याच मेणबत्त्या तारांना टांगून पेटवल्या होत्या. ज्योतीने तारा जळू लागल्या, मेणबत्त्या खाली पडू लागल्या, तेव्हा कुठे ते काम संगणकाकडे गेले. मुलांना खरी वस्तू दिसली पाहिजे असे वाटणारा हा माणूस होता.

तिसऱ्या चित्रपटासाठी मात्र अल्फोन्सो कुआरोन यांना बोलावले गेले तेही योग्यच झाले, कारण तोवर मुले तेरा वर्षांची झाली होती. त्यांनी तिघा बालकलाकारांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितले. डॅनियल रॅडक्लिफ यांनी एक पान लिहिले, एमा वॉटसन यांनी पानांमागून पाने भरून काढली आणि रुपर्ट ग्रिंट यांनी काहीच लिहून आणले नाही. हॅरी, हर्मायनी आणि रॉन यांच्याकडून याहून वेगळ्या कशाची अपेक्षा ठेवणार? त्याआधी कुआरोन यांच्या नावावर एका बालकादंबरीवरचा नितळ चित्रपट होता आणि त्यानंतरचा, फक्त प्रौढांसाठीचा एक धीट मेक्सिकन चित्रपटही होता. नुसत्या यादीवरून निवड करणाऱ्याने त्यांचे नाव दुसऱ्याच दिवशी खोडले असते.

म्हणून गर्विग यांच्या नावाने मी दचकलो नाही. 'बार्बी'आधी त्यांनी 'लेडी बर्ड' आणि 'लिटल विमेन' हे चित्रपट केले आहेत, आणि एका घरात राहणाऱ्या माणसांचे रुसवे, गरिबी, आजारपण व एकमेकांवरचा जीव दाखवण्यात त्यांचा हात बसलेला आहे. नार्नियाची सुरुवात त्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'पासून करत आहेत. हे पुस्तक आपल्याकडे असेल तर पुन्हा उघडून पाहावे. लंडनच्या घरांचा एकमेकांना जोडलेला माळा, तिथे खेळणारी दोन मुले, पिवळ्या आणि हिरव्या अंगठ्या, आणि या सगळ्याच्या मागे पलीकडच्या खोलीत मरणपंथाला लागलेली, त्या दोघांतल्या डिगरीची आई. सिंहाच्या डोळ्यांत डिगरीला पाणी दिसते, ते त्या आईसाठी. आजारी आईची ती खोली ज्याला सांभाळता येईल, त्याच्यावर सिंह सोपवायला हरकत नाही.

प्रश्न : दिग्दर्शक निवडताना मूळ लेखकाचे मत घेतात का? आणि ते मानावे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : घेतात, पण बऱ्याचदा शिष्टाचारापुरते. 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'चे जर्मन लेखक मिखाएल एंडे यांचा अनुभव कडवट आहे. वोल्फगांग पीटरसन यांच्यासारखा, 'दास बोट' हा पाणबुडीपट करून गाजलेला दिग्दर्शक मिळूनही 1984चा चित्रपट एंडे यांना इतका खटकला, की त्यांनी आपले नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून काढायला लावले आणि ते न्यायालयातही गेले. तिथे ते हरले. चित्रपटात पुस्तकाचा जेमतेम पहिला अर्धा भाग आहे, हे लक्षात घेतले तर त्यांचा संताप समजू शकतो.

याउलट मॉरिस सेंडॅक यांनी आपल्या 1963च्या, दहाएक वाक्यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या चित्रपुस्तकासाठी स्पाइक जोन्झ यांना स्वतः पसंत केले आणि ते निर्मात्यांमध्येही सामील झाले. जोन्झ यांनी राक्षसांसाठी माणसे आत शिरतील असे अवजड पोशाख शिवून घेतले आणि संगणकाचा उपयोग मुख्यतः चेहऱ्यांच्या हालचालींपुरता केला. चित्रपट उदास आहे आणि सगळ्याच मुलांना तो आवडत नाही. पण रागावलेल्या मुलाचा राग त्यात खरा आहे, आणि सेंडॅक यांना तोच हवा होता.

लेखकाचे मत जसेच्या तसे मानावेच, असे मात्र मी म्हणणार नाही. खुद्द लुईस यांनी 1959 साली एका पत्रात, नार्नियातले प्राणी माणसांकरवी पडद्यावर आणण्यास आपला ठाम विरोध असल्याचे लिहिले होते. त्यांना त्यात हास्यास्पद प्रकार होण्याची भीती होती, अ‍ॅनिमेशनपटाची गोष्ट त्यांना निराळी वाटत होती. बीबीसीच्या 1988च्या मालिकेतले, माणसांनी पोशाख चढवून साकारलेले बीव्हर पाहिले की त्यांची भीती पटते. 2005चा अस्लान पाहिला की ती भीती त्या काळातल्या साधनांपुरती होती, असेही वाटते.

प्रश्न : हे सारे हॉलिवूडच्या पैशांचे खेळ आहेत. आपल्याकडे तेवढा पैसाच नसेल, तर चांगला दिग्दर्शक घेऊन तरी काय उपयोग? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पैसा नसेल तर चांगला दिग्दर्शक अधिकच लागतो. 1939च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'कडे पैसा होता, तरी त्यातला सर्वांत गाजलेला उंबरठा रंगाऱ्याच्या कुंचल्याने साधलेला आहे. डोरोथी दार उघडते आणि तपकिरी जग एकाएकी रंगीत होते, ते त्या खोलीची आतली बाजू प्रत्यक्ष तपकिरी रंगवून आणि तपकिरी झगा घातलेल्या बदली मुलीकडून दार उघडवून. मग तिने बाजूला व्हायचे आणि निळ्या झग्यातल्या ज्युडी गारलंड यांनी पुढे पाऊल टाकायचे.

पण आपल्याला जवळचे उदाहरण सत्यजित राय यांचे आहे. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी 'संदेश' मासिकात 1915 साली लिहिलेल्या गोष्टीवर राय यांनी 1969 साली 'गुपी गाइन बाघा बाइन' केला, तोही मुलाने लहान मुलांसाठी काहीतरी करा म्हणून हट्ट धरला म्हणून. गावाबाहेर हाकललेला गुपी बांबूच्या रानात येतो तेव्हा त्याच्या कानावर ठक्, ठक् असा आवाज पडतो. पाहतो तर पाण्याचे थेंब एका ढोलावर पडत असतात. त्या ढोलाचा धनी बाघा भेटतो, मागोमाग वाघ दिसतो आणि मग भुतांचा तो प्रसिद्ध नाच सुरू होतो. राजे, शेतकरी, गोरे साहेब आणि ढेरपोटे असे भुतांचे चार वर्ग आणि त्यांच्यासाठी मृदंगम्, घटम्, कंजिरा, मोरचंग ही दक्षिणेतली तालवाद्ये. भुतांच्या राजाला आवाज राय यांनी स्वतःच दिला. संपूर्ण चित्रपट रंगीत करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून तो कृष्णधवल राहिला. रंग आले ते फक्त अगदी शेवटी, गुपी आणि बाघाला राजकन्या मिळतात तेव्हा.